समुद्रतळाचा केसपेपर

"याआधी कधी मोठा आजार झाला होता का?" ओपीडीत हा प्रश्न आम्ही दिवसातून कितीतरी वेळा विचारतो. बरेचदा उत्तर येते, "छे हो डॉक्टर, आजवर साधी सुईसुद्धा टोचून घेतली नाही." मग छातीचा एक्स-रे हातात येतो आणि फुफ्फुसाच्या वरच्या भागात चुन्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. कधीकाळी क्षयाचे जंतू येऊन गेलेले असतात, शरीराने त्यांना कोंडून टाकलेले असते आणि त्या झटापटीचा व्रण मागे राहिलेला असतो. पेशंट खोटे बोलत नसतो, त्याला ते ठाऊकच नसते. इतिहास नसणे आणि इतिहास माहीत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टरला फार लवकर शिकावे लागते.

पृथ्वीच्या बाबतीत नेमकी हीच गल्लत अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर बराच काळ झाली. हा किनारा शांत आहे, इथे फार मोठा भूकंप होत नाही, असे १९८०च्या दशकापर्यंत बहुतेक तज्ज्ञ मानत होते. लेखी नोंदी जेमतेम दोनशे वर्षांच्या होत्या आणि त्यांत तसा भूकंप नव्हता. हा समज खोडून काढला तो खाडीतल्या आणि खोल समुद्रातल्या गाळाच्या थरांनी. हे थर कसे तयार होतात आणि ते वाचायचे कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यावर आज लाखो लोकांची सुरक्षितता अवलंबून आहे.

दोन प्रकारचे किनारे

आपला कोकणचा किनारा भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने निवांत आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि नंतर सेशेल्स यांच्यापासून भारत वेगळा झाला, त्या जुन्या तुटीची ही कड. इथली जमीन आणि शेजारचा समुद्रतळ एकाच भूपट्टाचे भाग आहेत. नद्या गाळ आणतात, तो भूखंड मंचावर पसरतो आणि वर्षानुवर्षे साचत राहतो.

चिली, जपान, सुमात्रा, अलास्का किंवा पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा यांची गोष्ट वेगळी. तिथे समुद्रतळाचा भूपट्ट खंडाच्या भूपट्टाखाली घुसतो आहे. वेग साधारण आपली नखे वाढतात तेवढा, म्हणजे वर्षाला काही सेंटीमीटर. पण ही हालचाल सलग होत नाही. दोन भूपट्ट एकमेकांत अडकून बसतात, ताण साठत जातो आणि शेकडो वर्षांनी एका दिवशी तो काही मिनिटांत मोकळा होतो. जगातले सर्वांत मोठे भूकंप अशाच ठिकाणी झाले आहेत.

अशा किनाऱ्यांवर गाळाला तोटा नसतो. डोंगर अजून वाढत असतात, उतार तीव्र असतात, दरडी कोसळत असतात आणि नद्या तो सगळा माल वेगाने समुद्रात आणून टाकतात. किनाऱ्यापासून खोल सागरी गर्तेपर्यंतचे अंतरही तुलनेने कमी. त्यामुळे खंडान्त उतारावर ओल्या गाळाचे ढीग जेमतेम तोल सांभाळून बसलेले असतात. धक्का बसण्याचाच काय तो अवकाश.

गढूळ पाण्याचे वादळ

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले तर काय होते, हे ज्यांच्या गावी नळ उशिरा आला त्यांना आठवत असेल. आधी वाळू तळाला बसते, मग बारीक माती आणि सगळ्यात शेवटी, कित्येक तासांनी, मेणासारखा मऊ चिखल. समुद्रतळावर हेच घडते, फक्त फार मोठ्या प्रमाणात.

मोठा भूकंप झाला की उतारावरचा गाळ सुटतो. तो पाण्यात मिसळून एक जड, गढूळ लोट तयार होतो. आजूबाजूच्या स्वच्छ पाण्यापेक्षा तो जड असल्याने समुद्रतळाला चिकटून, पाण्याखालच्या दऱ्यांमधून खाली धावत सुटतो. सपाटीवर आला की त्याचा वेग मंदावतो आणि घागरीतल्यासारखा गाळ बसू लागतो. खाली जाड वाळू, वर बारीक रेती, त्यावर चिखल. या थराला टर्बिडाइट म्हणतात. त्याची खालची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते, कारण तो अचानक आलेला असतो. वरची कड मात्र हळूहळू नेहमीच्या चिखलात विरून जाते.

त्यानंतर समुद्र पुन्हा शांत होतो. पाण्यातून मातीचे सूक्ष्म कण आणि मेलेल्या सूक्ष्मजीवांची कवचे भुरभुर पडत राहतात. हजार वर्षांत या संथ गाळाचा थर भरतो तो बोट-दोन बोटांपासून फार तर वीतभर. मग कधीतरी पुन्हा भूकंप, पुन्हा लोट, पुन्हा वाळू. म्हणजे जाडसर वाळूचा थर ही काही तासांची किंवा दिवसांची घटना असते आणि त्यावरचा पातळ चिखल शेकडो वर्षांच्या शांततेचा.

हे लोट खरेच एवढे जोरदार असतात का, याचा पुरावा टेलिग्राफच्या तारांनी दिला. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडजवळ भूकंप झाला आणि अटलांटिकच्या तळावरच्या बारा तारा तुटल्या. त्यातल्या काही भूकंपाच्या क्षणीच तुटल्या. पण उरलेल्या, उताराच्या दिशेने एकामागून एक, पुढच्या काही तासांत तुटत गेल्या. प्रत्येक तार तुटल्याची वेळ नोंदलेली होती. त्यावरून १९५२ मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग यांनी लोटाच्या वेगाचे गणित मांडले. तो तासाला साठ ते शंभर किलोमीटरच्या घरात होता. तो किनारा भूपट्टांच्या सीमेवर नव्हता, पण गढूळ लोटाची ताकद तिथे पहिल्यांदा मोजली गेली. पुढे २६ डिसेंबर २००६ रोजी तैवानच्या दक्षिणेला, खऱ्या अर्थाने सक्रिय किनाऱ्यावर, भूकंपानंतर अशाच एकामागून एक केबल तुटल्या आणि पूर्व आशियातले इंटरनेट कित्येक दिवस कोलमडले.

खाजणात पुरलेली कुरणे

आता अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे वळू. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटापर्यंत सुमारे एक हजार किलोमीटरच्या या पट्ट्याला कॅस्केडिया म्हणतात. इथे हुआन द फुका नावाचा छोटा भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या खाली जातो आहे. कोलंबियासारख्या नद्यांनी एवढा गाळ ओतला आहे, की इथली सागरी गर्ता पार बुजून गेली आहे. वरून पाहता खोल खंदक दिसत नाही. जो गाळ भूपट्टाबरोबर खंडापर्यंत पोचतो, तो तव्यावरचे पिठले उलथन्याने खरवडावे तसा खरवडला जातो आणि घड्या पडत पडत किनाऱ्याबाहेर डोंगरांच्या रांगा बनून उभा राहतो.

१९८४ मध्ये थॉमस हीटन आणि हिरू कानामोरी यांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. जगातल्या ज्या पट्ट्यांशी कॅस्केडियाचे साम्य आहे, तिथे महाभूकंप झालेले आहेत. मग इथेच का नाहीत? उत्तर शोधायला अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे ब्रायन ॲटवॉटर वॉशिंग्टन राज्यातल्या खाड्यांमध्ये छोट्या होडीतून हिंडू लागले. हत्यार म्हणाल तर फावडे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या काठांची माती तासून ते थर पाहत.

त्यांना चिखलाखाली काळसर, मुळांनी भरलेली माती सापडली. ते भरतीरेषेच्या वरचे जुने कुरण होते. त्यावर काही ठिकाणी स्वच्छ वाळूचा पातळ पापुद्रा आणि त्यावर लगेच खाडीचा राखाडी चिखल. कुरण हळूहळू बुडाले असते तर मधले टप्पे दिसले असते. इथे तर कुरणाची जागा एकदम खाडीने घेतली होती. काही ठिकाणी गवताची पाती उभीच्या उभी वाळूत गाडली गेली होती.

कारण असे. दोन भूपट्ट अडकलेले असताना वरच्या भूपट्टाची कड खाली दाबली जाते आणि त्यामागचा किनारा फुगून थोडा वर येतो. अडकलेला भाग सुटला की तो फुगवटा बसतो. काही मिनिटांत किनारा अर्धा ते दोन मीटर खचतो. कालपर्यंत जे कुरण होते तिथे आज भरतीचे पाणी येते. त्याच भूकंपाने उसळलेली त्सुनामी किनाऱ्यावरची वाळू आत आणून पसरवते. मग वर्षानुवर्षे भरती चिखल आणत राहते, जमीन पुन्हा उचलली जाते, पुन्हा गवत उगवते. पुढच्या भूकंपाला तेही पुरले जाते. १९८७ मध्ये ॲटवॉटर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले, की गेल्या सात हजार वर्षांत हा किनारा किमान सहा वेळा असा खचला आहे.

तारीख, वार, वेळ

शेवटचा भूकंप कधीचा? वॉशिंग्टनच्या कोपॅलिस नदीकाठी सीडर वृक्षांचे सांगाडे आजही उभे आहेत. जमीन खचून मुळांशी खारे पाणी आले आणि ते जागीच वाळले. त्यांच्या वाढीच्या वलयांची गणती केली तेव्हा कळले, की ते ऑगस्ट १६९९ ते मे १७०० या काळात मेले.

इकडे जपानमध्ये त्याच हिवाळ्यातल्या एका त्सुनामीच्या नोंदी दप्तरांत पडून होत्या. घरे वाहून गेली, भातशेतीत पाणी शिरले, पण आधी भूकंप मात्र कोणालाच जाणवला नव्हता. आईबापाविना आलेली म्हणून तिला 'अनाथ त्सुनामी' म्हणत. १९९६ मध्ये केंजी साताके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब जुळवला. पॅसिफिक ओलांडायला लाटेला लागणारा वेळ वजा केला तर भूकंप कॅस्केडियात २६ जानेवारी १७०० रोजी रात्री नऊच्या सुमारास झाला असला पाहिजे आणि त्याची तीव्रता सुमारे ९ असली पाहिजे.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला फार लागते. व्हँकुव्हर बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या पिढीजात कथांमध्ये हिवाळ्याच्या रात्री जमीन हादरल्याची आणि समुद्राने अख्खे गाव नेल्याची आठवण होती. इतिहास सांगणारे होते, पण तो विचारायला हवा होता आणि ऐकायलाही. पेशंटसोबत आलेली म्हातारी आजी कोपऱ्यातून काही सांगू पाहते आणि आम्ही घाईत तिला थांबवतो, तसेच हे झाले.

तेरा अधिक तेरा बरोबर तेरा

खाडीतल्या पुराव्यावरून त्या त्या जागी काय झाले ते कळते. पण हजार किलोमीटरचा पट्टा एकाच वेळी फाटला, की तुकड्यातुकड्याने? यासाठी पुन्हा खोल समुद्रातल्या टर्बिडाइटकडे जावे लागले.

समुद्रतळात लांब पोकळ नळ्या घुसवून गाळाचे उभे स्तंभ काढतात. कॅस्केडियातल्या अशा स्तंभांमध्ये एक सोयीची खूण सापडते, ती म्हणजे माझामा ज्वालामुखीची राख. हा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला. त्याची राख नद्यांमार्फत समुद्रात पोचली आणि समुद्रतळावरच्या अनेक दऱ्यांत पसरली. राखेच्या वरचे थर मोजले की तेवढ्या काळातल्या घटना मोजल्या जातात.

कॅनडाचे जॉन ॲडम्स यांनी १९९० मध्ये या मोजणीतली एक साधी पण महत्त्वाची गोष्ट दाखवली. वेगवेगळ्या नद्यांच्या तोंडाशी असलेल्या दऱ्यांमध्ये राखेच्या वर तेरा थर होते. या दऱ्या पुढे एकत्र येतात. प्रत्येक दरीत लोट वेगवेगळ्या वेळी सुटले असते, तर संगमाच्या खाली सव्वीस थर दिसायला हवे होते. तिथेही तेराच होते. याचा अर्थ लोट एकाच वेळी सुटले आणि संगमावर एक होऊन पुढे गेले. शेकडो किलोमीटरवरच्या दऱ्यांना एकाच क्षणी हलवणारे कारण म्हणजे महाभूकंप.

पुढे ऑरेगनमधले ख्रिस गोल्डफिंगर आणि सहकाऱ्यांनी असे कितीतरी स्तंभ तपासले. थराच्या लगेच खालच्या चिखलातली सूक्ष्म कवचे वेचून रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचे वय काढले. २०१२च्या त्यांच्या अहवालात गेल्या दहा हजार वर्षांत जवळपास संपूर्ण पट्टा फाटल्याच्या १९ घटना आहेत, म्हणजे सरासरी पाचशे वर्षांतून एक. दक्षिणेकडचे छोटे भूकंप धरले तर आकडा ४१ वर जातो.

इथे एक सावधगिरी हवी. ताप म्हणजे मलेरियाच असे नसते, तसेच प्रत्येक टर्बिडाइट भूकंपाचा नसतो. महापूर, वादळ किंवा आपोआप घसरलेला उतारही तसा थर टाकू शकतो. २०१४ मध्ये खुद्द ॲटवॉटर आणि सहकाऱ्यांनी संगमाच्या पुराव्यावर शंका घेतली आणि थरांची मोजणी पुन्हा तपासायला हवी असे सांगितले. हा वाद चांगला आहे. एका तपासणीवर निदान करू नये, म्हणून खाडीतली माती, झाडांची वलये, जपानी दप्तरे आणि समुद्रतळ हे चारही पुरावे शेजारी ठेवून पाहायचे. १७०० सालच्या भूकंपाबाबत ते एकमेकांशी जुळतात.

सरासरीचा धोका

सरासरी पाचशे आणि शेवटचा भूकंप सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा, मग अजून पावणेदोनशे वर्षे निवांत? असा हिशोब कोणी करू नये. का, ते सुमात्रातल्या एका गुहेने सांगितले आहे.

२६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत हिंदी महासागराच्या काठावर सुमारे सव्वादोन लाख माणसे गेली. भारतातल्या मृतांची संख्या १० हजारांवर होती. त्यानंतर बांदा आचेजवळच्या किनाऱ्यावरच्या एका गुहेत संशोधकांना थरांची एक उतरंड सापडली. गुहेच्या तोंडाशी उंचवटा असल्याने रोजच्या लाटा आत येत नाहीत, त्सुनामीच येते. ती वाळू टाकून जाते. मग गुहेतल्या वटवाघळांची विष्ठा त्यावर साचत राहते. पुढची त्सुनामी आली की पुन्हा वाळू. वाळू आणि विष्ठेच्या या आलटून पालटून पडलेल्या थरांत ७,४०० ते २,९०० वर्षांपूर्वीच्या काळातल्या किमान ११ त्सुनामी मोजता आल्या. २०१७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. मधल्या अंतरांना काही ताळतंत्र नव्हते. एकदा दोन हजार वर्षांहून अधिक काळ काहीच आले नाही आणि एकदा एकाच शतकात एकापेक्षा जास्त वेळा समुद्र आत आला. म्हणून पेशंटला "सरासरी इतकी वर्षे" असे सांगताना आम्ही जपून बोलतो, तसेच भूगर्भशास्त्रज्ञही शक्यतेच्या भाषेत बोलतात. कॅस्केडियात पुढच्या ५० वर्षांत महाभूकंप होण्याची शक्यता १० ते १५ टक्के आहे, असा अंदाज सांगितला जातो.

वाचलेला रिपोर्ट आणि फाइलमधला रिपोर्ट

रिपोर्ट येणे आणि त्यावर उपचार होणे यात अंतर असते, हे सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. जपानच्या सेंदाई मैदानात भातशेतीखाली समुद्राच्या वाळूचा एक थर आहे. तो इसवी सन ८६९ मधल्या जोगान त्सुनामीचा. ती लाट कित्येक किलोमीटर आत आली होती. १९९०च्या सुमारास कोजी मिनोउरा आणि इतर शास्त्रज्ञांनी तो थर ओळखला. २००१ मध्ये त्यांनी लिहिले, की अशा लाटा साधारण हजार वर्षांनी येतात आणि आता अकराशेहून अधिक वर्षे उलटली आहेत. २००९ मध्ये फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या सुरक्षेचा आढावा चालू असताना भूगर्भशास्त्रज्ञ युकिनोबू ओकामुरा यांनी याच थराकडे बोट दाखवले. पण केंद्राच्या संरक्षणात त्याप्रमाणे बदल झाला नाही. ११ मार्च २०११ रोजी लाट आली आणि जपानमध्ये १८ हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. तो थर जमिनीत अकराशे वर्षे होता आणि वाचून झाल्यालाही वीस वर्षे झाली होती.

कॅस्केडियात मात्र रिपोर्ट काही प्रमाणात कामी आला. वॉशिंग्टनमधल्या वेस्टपोर्ट गावी २०१६ मध्ये एका प्राथमिक शाळेची नवी इमारत अशी बांधली, की तिच्या गच्चीवर सुमारे हजार माणसे त्सुनामीपासून सुरक्षित राहू शकतील. ऑरेगनमधल्या सीसाइड गावाने कर्ज काढून किनाऱ्यालगतच्या शाळा उंचावर हलवल्या. आज हयात असलेल्या कोणीही तिथे महाभूकंप पाहिलेला नाही. पैसे खर्च झाले ते चिखलातल्या थरांवर विश्वास ठेवून.

आपल्याला याचे काय? कोकणाला लागून भूपट्टांची सीमा नाही हे खरे. पण अरबी समुद्राच्या उत्तर काठावर मकरान आहे, जिथे समुद्रतळावरचा गाळ सात किलोमीटरपर्यंत जाड आहे. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली. मुंबईत पंधरा माणसे बुडाल्याची नोंद आहे. ही गोष्ट आज मुंबईत किती जणांना ठाऊक आहे? विचाराल तर बहुतेक जण सांगतील, "छे, मुंबईत कुठली त्सुनामी?"

म्हणून दोन साध्या गोष्टी घरात सांगून ठेवाव्यात. अंदमानसारख्या ठिकाणी समुद्रकाठी असताना जमीन बराच वेळ हादरली, किंवा पाणी एकाएकी खूप आत ओसरले, तर भोंग्याची किंवा मोबाइलवरच्या संदेशाची वाट न पाहता उंचावर जावे आणि पहिली लाट ओसरली म्हणून लगेच परतू नये. मुंबई-कोकणात मात्र लांबच्या भूकंपाचा धक्का जाणवेलच असे नाही. तिथे हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून २००७ पासून दिला जाणारा इशाराच कामाचा, तेव्हा प्रशासनाने किनारा मोकळा करायला सांगितले तर लाट बघायला चौपाटीवर जाऊ नये.